मित्राघरच्या सात करवती : प्रस्तावना

प्रस्तुत पुस्तक ज्या सात यांत्रिक करवतींमुळे लिहिले गेले, त्या मी विकत घेतल्या नाहीत आणि मागूनही घेतल्या नाहीत. अमेरिकेतील ओरेगन राज्यात, फॉरेस्ट ग्रोव्ह या लहान शहराच्या पश्चिमेस जिथे शेते संपून डोंगर चढू लागतो तिथे राहणारे माझे एक वयोवृद्ध स्नेही आपले बिऱ्हाड आवरून लेकीकडे राहावयास निघाले, तेव्हा कोठाराच्या मागच्या भिंतीवरील फळीवरून एकेक करवत त्यांनी स्वतः खाली उतरविली, जुन्या कांबळ्यांत गुंडाळून माझ्या गाडीत ठेवली, आणि शेवटची ठेवून झाल्यावर एवढेच सांगितले की यांतली एकही चालत नाही, पण भंगारात घालण्याचा धीर आपल्याला कधी झाला नाही. हव्यात का, असे त्यांनी विचारले नाही. लहानपणी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी वडिलांच्या लॅम्ब्रेटाचा प्लग काढून तो पुसून देण्यापलीकडे ज्याचा इंजिनाशी संबंध आला नव्हता, आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने पोर्टलंडला येऊन वीस वर्षे ज्याने टेबलाशी बसूनच काम केले, त्याच्या हवाली हा ठेवा त्यांनी का करावा, हे मला त्या दिवशी उमगले नाही. त्यांच्या वडिलांविषयी मी अनेकदा खोदखोदून विचारीत असे, आणि ते सांगत ते सारे शांतपणे ऐकून घेत असे, हेच कदाचित कारण असेल.

वडिलांविषयी सांगावयाचे म्हणजे त्या मुलखाच्या वणव्याविषयी सांगणे भाग आहे. 14 ऑगस्ट 1933 रोजी गेल्स क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात लाकूडतोड चालू असताना आग लागली आणि ती आटोक्यात येईपर्यंत सुमारे 2 लाख 40 हजार एकर जंगल, त्यातही बहुतांशी शेकडो वर्षांचे डग्लस फर वृक्ष, जळून गेले. त्यानंतर 1939, 1945 आणि 1951 अशी दर सहा वर्षांनी त्याच प्रदेशात पुन्हा आग लागत गेली, आणि लोक त्या काळ्या डोंगरांना ‘टिलामुक बर्न’ म्हणू लागले. सालीचा कोळसा झालेले पण आतून शाबूत असलेले ते उभे वृक्ष कुजण्यापूर्वी पाडून बाहेर काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले; माझ्या स्नेह्यांचे वडील त्या कामावर होते. आरंभी दोघांनी दोन टोके धरून ओढावयाची लांब हातकरवत आणि नंतर ह्या यांत्रिक करवती, असा त्यांच्या आयुष्याचा क्रम. 1949 पासून राज्याने त्या डोंगरांवर पुन्हा लागवड सुरू केली, आणि कैद्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या हातांनी तिथे सात कोटींहून अधिक रोपे लावली गेली. माझे स्नेही त्या मुलांत होते. वडील आठवडाभर जळकी झाडे पाडीत आणि मुलगा शाळेच्या गाडीतून जाऊन त्याच उतारावर कुदळीने खड्डे करून रोपे लावी. आज तो प्रदेश सरकारी राखीव वन आहे, आणि त्यातून जाताना मोटारीच्या दोन्ही बाजूंना जी हिरवी भिंत दिसते तिच्यात त्यांनी लावलेली झाडेही उभी आहेत. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला मराठी वाचक झाडे तोडण्याच्या हत्याराविषयीचे पुस्तक साशंक मनाने उघडील, आणि ती शंका रास्त आहे. ह्याच यंत्रांनी जगातली कित्येक आदिम अरण्ये माणसाच्या एका पिढीत भुईसपाट केली, हे मला मान्य आहे. माझ्या हाती आलेल्या करवतींचा दाखला मात्र असा आहे, तो मी जसाच्या तसा नोंदवून ठेवतो.

मराठीत हे लिहिण्याचे प्रयोजन वेगळे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या आणि आजोबांच्या हातचे आंबे मुळांसकट आडवे झाले. रस्त्यांवरचे वृक्ष आपत्ती निवारण दलाच्या जवानांनी चेनसॉ लावून दूर केले. परंतु वाड्यांतून पडलेल्या झाडांचे ज्याचे त्यालाच पाहावे लागले, आणि ज्यांच्यापाशी चार पैसे होते त्यांनी त्या वर्षी अशी यंत्रे विकत घेतली. दोन वर्षांनी मी घरी गेलो तेव्हा आमच्या आळीतल्या तीन घरांच्या पडव्यांत तीन यंत्रे पडून होती, आणि ‘मशीन बिघडले’ ह्यापलीकडे कोणालाही त्यांविषयी काही सांगता येत नव्हते. तिन्हींच्या टाक्यांत पेट्रोल तसेच राहिले होते. इथल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या करवतींनी मला जे शिकविले तेच त्या तिघांना उपयोगी पडले, म्हणून परत येताना विमानात बसून ह्या पुस्तकाच्या पहिल्या नोंदी केल्या.

ह्या यंत्राचा पूर्वेतिहास पुस्तकात यथास्थळ आला आहे. इथे त्यातल्या दोन-तीनच गोष्टींचा निर्देश करतो. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत बनविली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलच्या करवतीची चाचणी घेतली आणि आपल्या कारखान्याला त्या डोंगराचेच नाव दिले. ती करवत 58 किलो वजनाची होती आणि उचलावयास दोन माणसे लागत. तिथपासून 1959 मधील श्टीलच्या ‘कॉन्ट्रा’पर्यंत, म्हणजे सुमारे 12 किलो वजनाच्या आणि दंतचक्रांची मध्यस्थी काढून टाकून क्रँकशाफ्टनेच थेट साखळी फिरविणाऱ्या करवतीपर्यंत, जो पल्ला गाठला गेला तो बत्तीस वर्षांचा. अमेरिकेत ही कॉन्ट्रा ‘लाइटनिंग’ या नावाने विकली गेली. माझ्या सातांत ती एक आहे. रॉबर्ट मॅकुलॉक यांच्या कारखान्याने 1949 मध्ये 25 पौंडांची करवत बाजारात आणली आणि ती एकट्या माणसाला पेलू लागली. हेच ते गृहस्थ, ज्यांनी 1968 मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेऊन त्याचे दगड ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन तो पुन्हा उभा केला.

परंतु माझ्या मते ह्या इतिहासातला सर्वांत थोर क्षण कोणत्याही कारखान्यात घडलेला नाही. आरंभीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीच्या दातांची नक्कल होते. ते लाकूड ओरबाडत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावण्यात कामाच्या दिवसाचा मोठा हिस्सा खर्ची पडे. 1946 च्या शरद ऋतूत ओरेगनमधलेच एक लाकूडतोडे, जोसेफ कॉक्स, सरपण फोडता फोडता थांबले आणि एका बुंध्यात लाकूड पोखरीत चाललेली भुंगेऱ्याची अळी पाहत राहिले. ती अळी बोटाएवढी जाड असते, आणि लाकडाच्या धाग्याच्या दिशेने असो की आडवी असो, सारख्याच सहजतेने पुढे सरकते. कॉक्स यांनी भिंगाखाली पाहिले तेव्हा दिसले की तिचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले असून ते डावी-उजवीकडे चालतात, आणि लाकूड ओरबाडीत नाहीत, तर सोलून काढतात. त्याच वळणाचा पोलादी दात, एक डावा आणि एक उजवा असे आलटून पालटून जोडून त्यांनी साखळी तयार केली, आणि 1947 मध्ये पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. आज जगात कुठेही, अगदी आमच्या आळीतल्या पडवीतसुद्धा, जी साखळी दिसेल तिचा दात त्या अळीच्या जबड्याचाच वंशज आहे. गोल कानस घेऊन अशा दाताच्या वळणात ती बसवावी, आतून बाहेर अशी एकाच दिशेने तीन-चारदा सरकवावी, म्हणजे धार कशी लागते हे बोटांना कळते. सपाट कानशीला हे जमणार नाही. एका अडाणी जीवाच्या मुखाचे इतके सावध आणि इतके विनम्र निरीक्षण करणारा मनुष्य शास्त्रज्ञ म्हणावयाचा नाही तर कोण, असे मला प्रत्येक वेळी कानस हाती घेताना वाटते.

आता दुरुस्तीकडे वळतो. ह्या पुस्तकात मला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते मी एका चुकीतून शिकलो, आणि ती चूक माझी होती. सातांपैकी पहिली जी पिवळी करवत मी उघडली तिचा पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. सायलेन्सर काढून आत बॅटरीचा झोत टाकल्यावर धूर बाहेर जाण्याच्या बाजूस पिस्टनवर उभे ओरखडे स्पष्ट दिसत होते. मी नवा पिस्टन आणला, रिंग आणली, सिलिंडरच्या क्रोमवर चिकटलेले ॲल्युमिनिअम सौम्य आम्लाने खरवडून काढले, सारे जोडले, आणि दोरीच्या चौथ्या ओढीला ती करवत अशी गर्जली की शेजारी बाहेर येऊन उभे राहिले. मी आनंदाने स्नेह्यांना दूरध्वनी केला. ते तिच्याविषयी काहीच बोलले नाहीत. ‘पण ती थांबली का होती?’ एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. वीस मिनिटांनी, एक ओंडका अर्धा कापून झाल्यावर, तिचा आवाज अकस्मात चढला, उंच झाला, आणि ती पुन्हा जाम झाली. नवा पिस्टनही त्याच बाजूने ओरबाडला गेला होता.

कारण पुढे सापडले. क्रँकशाफ्टच्या टोकाशी रबराचे जे ऑइल सील असते ते पन्नास वर्षांत कडक होऊन त्याच्या कडेने हवा आत जात होती. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. बाहेरची हवा चोरवाटेने आत शिरली की मिश्रण पातळ होते, इंजिन भलत्या वेगाने फिरते, उष्णता वाढते आणि वंगण मात्र कमी पोचते. अशा वेळी पिस्टन बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नुसती जमीन सारवणे. ह्याची परीक्षा अवघड नाही: हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग रबरी पत्र्याने बंद करावेत, हातपंपाने पाच-सहा पौंडांचा दाब भरावा, आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे, जिथे बुडबुडे येतील तिथे दोष. दाबाची परीक्षा झाली की हवा ओढून घेऊन उलटीही परीक्षा करावी, कारण काही सील आतून दाब आला असता टिकतात आणि आतली हवा ओढून घेतली असता सुटतात. हे मी आधी केले असते तर तो पिस्टन वाचता. तेव्हापासून कोणतीही करवत समोर आली की पाना हाती घेण्यापूर्वी मी तिचा पंचनामा लिहितो: कॉम्प्रेशन किती, प्लगचा रंग कोणता, टाकीत काय उरले आहे, कुठला स्क्रू यापूर्वी कोणी उघडला होता. बंद पडलेले यंत्र म्हणजे एक कैफियत असते. तीतली हकिकत वाचण्यापूर्वी ते पुसून स्वच्छ केले तर निम्मा पुरावा फडक्याबरोबर जातो. पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणूनच ह्या पंचनाम्याला दिले आहे, आणि पुढील सर्व प्रकरणे त्याच्या आधाराने रचली आहेत.

सातांतली मला सर्वांत प्रिय झालेली करवत होमलाइट कंपनीची एक्सएल-12 होय. 1963 मध्ये ती निघाली तेव्हा पाते आणि साखळी वगळून केवळ 12 पौंडांची करवत ही अपूर्वाई होती, आणि मॅग्नेशिअमच्या हलक्या ओतीव सांगाड्यामुळे ती साध्य झाली. हिच्यात फारसे काहीच बिघडलेले नव्हते. टाकीतले पेट्रोल आटून काकवीसारखे झाले होते, आत बुडालेली रबरी नळी बोटांत धरताच डांबरासारखी तुटली, आणि कार्बोरेटरमधला डायफ्राम, जो रेशमी कापडासारखा लवचीक असावयास हवा, तो तळलेल्या पापडासारखा कडकडीत होता. ह्या डायफ्रामचे महत्त्व मराठी वाचकाला समजावून देणे सोपे आहे, कारण सकाळी स्कूटर अंगावर तिरकी करून मग किक मारणारे वडील आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. गाडी कलली की पेट्रोलची पातळी कलते, आणि थंड इंजिनाला त्या वेळी थोडे अधिक पेट्रोल मिळते. करवत मात्र झाड पाडताना आडवी, फांदी छाटताना उभी, आणि प्रसंगी उलटीही धरावी लागते. तिथे तरंगणारा फ्लोट निरुपयोगी. म्हणून इंजिनाच्याच श्वासाने हलणारा एक पडदा पेट्रोलचे दार उघडतो आणि मिटतो. तो पडदा कडक झाला की सारे यंत्र मुके होते. नवा पडदा, नवी नळी, पॉइंटमधून ओढलेली कोऱ्या कागदाची एक पट्टी, पॉइंटमधील अंतर एका इंचाचा हजारावा भाग धरून पंधरा, आणि कॉइल व फ्लायव्हील ह्यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवून घट्ट केलेले दोन स्क्रू, एवढ्यावर ती चालू झाली.

हिच्या मागच्या मुठीजवळ उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात एक बटण आहे. साखळीला तेल देण्याचे काम ह्या करवतीत आपोआप होत नाही. कापता कापता ते बटण दाबीत राहावे लागते. त्या बटणाच्या डाव्या कडेला एक खोलगट झीज आहे, आणि माझा अंगठा त्यात नीट बसत नाही, कारण ती दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याने घडविली आहे. बदली बटण आजही जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे मिळते. मी ते घेतले नाही. मुठीवर गुंडाळलेली काळी चिकटपट्टीही काढली नाही, आणि ज्या करवतींचा रंग उडाला आहे त्यांना रंग दिला नाही. मॅग्नेशिअमवर जिथे पांढरी भुकटी धरली होती तिथेच ती खरवडून पातळ संरक्षक लेप लावला. पुष्कळ संग्राहक नव्यासारखा रंग आणि नव्या चिठ्ठ्या लावतात. त्यांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे, पण चालणारे यंत्र आणि त्याच्यावरील माणसाच्या हाताची खूण, ह्या दोन्ही गोष्टी टिकविता येत असताना त्यांतली एक पुसून टाकणे मला अयोग्य वाटते.

एका गोष्टीत मात्र वाचकाने जुन्याचे प्रेम बाजूला ठेवावे, अशी माझी निक्षून विनंती आहे. पात्याच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की करवत डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. अशा वेळी साखळी तत्क्षणी थांबविणारा ब्रेक 1970 नंतरच्या काही वर्षांत रूढ झाला. माझ्या सातांपैकी एकीलाही तो नाही. मुठी आणि इंजिन ह्यांच्यामध्ये रबर घालून हादरे कमी करण्याची सोयही आधीच्या करवतींत नव्हती. वर्षानुवर्षे त्या वापरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडत आणि बधिर होत, आणि स्नेह्यांच्या वडिलांना उतारवयात सदऱ्याची गुंडी लावता येत नसे. म्हणून मी ह्या करवती जमिनीवर पक्क्या टेकविलेल्या ओंडक्यावरच चालवितो, तेही थोडा वेळ, कानांना, डोळ्यांना आणि पायांना संरक्षण घालून. झाडावर चढून किंवा शिडीवरून त्या चालवू नयेत. वाडीतल्या रोजच्या कामाला ब्रेक असलेले नवे यंत्रच वापरावे.

इंधनाविषयी थोडे. जुन्या करवतींच्या पाट्यांवर सोळास किंवा विसास एक असे तेलाचे प्रमाण कोरलेले असते, ते त्या काळच्या तेलाला धरून होते. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलात मी बत्तिसास एक, म्हणजे लिटरला सुमारे 31 मिलिलिटर, वापरतो. अधिक महत्त्वाचे म्हणजे पेट्रोलमधले इथेनॉल: ते हवेतले पाणी शोषते आणि जुने रबर फुगवते. इथे दहा टक्के इथेनॉल असते आणि ते नसलेले पेट्रोल काही पंपांवर मिळते. भारतात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, तेव्हा तिथे टाकीत पेट्रोल ठेवून देणे अधिकच घातक.

पुस्तकातील शब्दांविषयी एक खुलासा करतो. कार्बोरेटर, कॉइल, पॉइंट हे शब्द गॅरेजमध्ये आहेत तसेच ठेवले आहेत, कारण सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ते मागावयाचे आहेत. कानस, पाना, पाते, दात हे आपलेच असल्याने आपलेच राहिले आहेत. ह्या लेखनाचे सारे ऋण त्या स्नेह्यांचे आहे. आज सातांपैकी पाच करवती चालतात, सहावीला कॉइल मिळालेली नाही, आणि ती पहिली पिवळी करवत तिसऱ्या पिस्टनसह, नव्या सीलसह, गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या लेकीच्या घरी नेऊन त्यांच्यासमोर चालू केली. त्यांनी तिचा आवाज डोळे मिटून ऐकला, आणि ती बंद केल्यावर पात्याला लागलेला भुसा बोटांनी चोळून त्याचा वास घेतला.

ज्यांच्या पडवीत असे एखादे मशीन पडून असेल त्यांनी हे पुस्तक वाचून संपण्याची वाट पाहू नये. येत्या पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करावी, प्लग काढावा, छिद्रातून टू-स्ट्रोकच्या तेलाचे चार थेंब सोडावेत, आणि दोरी सावकाश ओढून पाहावी. दोरी फिरली, तर ते मशीन भंगारवाल्याला देऊ नये.